बुधवारचं डोकं

आमच्या घरात ज्यांना केस म्हणावं असे केस एकाच डोक्यावर होते, आणि ते डोकं माझ्या सासूबाईंचं होतं. नवऱ्याचं टक्कल तर लग्नाच्या फोटोतच चमकतंय. माझे केस दोन बोटं लांब. बावीस वर्षं लोकांची डोकी धुतल्यावर स्वतःच्या डोक्याचा कंटाळा येतो, म्हणून मीच ते एका दुपारी कात्रीनं उडवून टाकले. सासूबाईंचे मात्र पांढरेशुभ्र, दाट आणि कमरेच्या खाली जाणारे. मला त्या केसांशी काही देणंघेणं नव्हतं. पण माझ्या हातांनी दगा दिला आणि मला त्या डोक्याकडे जावं लागलं.

माझं बायकांचं पार्लर आहे. घरापासून दहा मिनिटांवर, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि मी एकटी. केस कापणं मला बरं जमतं, रंग लावणं ठीकठाक, पण बायका माझ्याकडे यायच्या त्या डोकं धुऊन घ्यायला. मान मागे टाकायची, डोळे मिटायचे आणि डोकं माझ्या बोटांच्या हवाली करायचं. शाळेतल्या हेडबाई तर चक्क घोरायच्या. त्यांच्या शाळेतल्या पोरांना हे कळलं असतं तर त्यांची जरब तिथेच संपली असती.

त्याच बोटांना भेगा पडल्या. आधी सांध्यांवर, मग टोकांना, मग अशा की नुसती लिंबाची फोड दिसली तरी हात मागे जायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "शॅम्पू बंद."

"हातमोजे घालते मी," मी म्हटलं.

"घातलेत म्हणून तर मनगटापर्यंत पुरळ आलंय. रबरही तुम्हाला सोसत नाही."

"अहो डॉक्टर, मी केस धुते. हेच काम आहे माझं."

"मग दुसऱ्या कशानं तरी धुवा. नाहीतर दुसरं काम बघा. तीन महिने करून बघा," ते म्हणाले. जसे काही ते तीन महिने त्यांच्याच खिशातले होते.

माझा स्वभाव तापट आहे, हे आत्ताच सांगून टाकते. दवाखान्यातून मी तरातरा पार्लरमध्ये आले, शॅम्पूच्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याला देऊन टाकल्या. त्यानं त्यात चादरी धुतल्या. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता, चादरींना काय झकास वास येतोय म्हणून.

नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावतो. माणूस शांत, वेळेवर येणारा. रात्री आम्ही दोघंच जेवताना त्यानं माझ्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाला, "आमच्या तिकीटखिडकीवरच्या बाई तीन महिन्यांनी निवृत्त होतायत. तुझं नाव सांगून ठेवू का? बसून काम आहे. हात कोरडे राहतील."

तो भल्यासाठीच म्हणत होता, म्हणून तर जास्त राग आला. त्या खिडकीच्या भोकातून माणसांचे फक्त हात दिसतात. मला हात नको होते, मला डोकी हवी होती. बावीस वर्षं मी जे करत आले ते माझ्याकडून असं काढून घेतलं जाणार, आणि तेही एका फेसापायी, या विचारानं मी ताट बाजूला सारलं. "तीन महिने थांब," मी म्हटलं. "मी काहीतरी शोधते. नाहीच जमलं तर खुर्च्या विकीन आणि येईन तुझ्या खिडकीत."

आता शोधायचं तर कुणाच्या डोक्यावर? ज्या बाईंच्या हाताखाली मी काम शिकले त्यांचा एक नियम होता. नवीन काहीही आधी घरच्या डोक्यावर लावायचं. तेही एकाच डोक्यावर, लागोपाठ तीनदा. धुतल्या धुतल्या केस छान दिसले म्हणजे पास नव्हे. आठवडाभर मोकळे आणि स्वच्छ राहिले तर पास. तीनदा पास झालं तरच ते गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावायचं. "दहा डोक्यांवर एकेकदा करून बघणारी दहा भांडणं विकत घेते," असं त्या म्हणायच्या. बावीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता, आणि आता हात अडले म्हणून मोडणार नव्हते.

म्हणजे सासूबाई.

सासरे गेले तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्या आमच्याकडे राहायला आल्या. पोस्टात बत्तीस वर्षं त्यांनी पत्रं लावली होती, आमच्याकडे आल्यावर त्यांनी माझे डबे लावले. आमचं भांडण नव्हतं. भांडायला तरी थोडी जवळीक लागते. "चहा ठेवलाय," "किल्ली खुंटीवर आहे," "तो आला का?" एवढ्यावर आमचे दिवस जायचे. लग्न ठरलं तेव्हा त्या कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "लोकांच्या डोक्यात हात घालणारी सून?" ते माझ्या कानावर आलं होतं, आणि मी विसरणाऱ्यांतली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही. दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्या डाव्या हातानं कसंबसं कपाळावरचं नि कानांवरचं तेवढं ओलं करायच्या, मागचं तसंच गुंडाळून ठेवायच्या. मी केसांचं काम करते. मला ते दिसलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या बश्या पुसत होत्या तेव्हा मी विषय काढला. "आई, मला तुमचं डोकं लागणार आहे."

"कशाला?"

"शॅम्पूऐवजी काय चालतं ते बघायचंय. प्रयोग करायला."

"उंदीर नाही मिळाला वाटतं," त्या म्हणाल्या आणि बशी ठेवून दिली. मग दुसरी बशी पुसता पुसता, "कधी?"

"बुधवारी. पार्लर बंद असतं तेव्हा."

"बुधवारी मला काही काम नाही," त्या म्हणाल्या. ऐकणाऱ्याला वाटावं, सोमवार-मंगळवार अगदी गच्च भरलेत.

पहिल्या बुधवारी त्या टॉवेल आणि एक वही घेऊन आल्या. बेसिनच्या खुर्चीत बसल्या त्या परीक्षेला बसल्यासारख्या, ताठ. दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर. आमच्या धंद्यात डोकं सोडणं असा एक शब्द आहे. मान आपलं ओझं दुसऱ्याच्या तळहातावर टाकते तो क्षण. हेडबाई अर्ध्या मिनिटात डोकं सोडायच्या. सासूबाईंनी त्या दिवशी शेवटपर्यंत सोडलं नाही. मी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुतलं. केस वाळले आणि झाडूसारखे उभे राहिले. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: "क्रमांक एक. सोडा. नापास. पुढच्या बुधवारी पुन्हा."

दुसऱ्या बुधवारी सोड्यानंतर व्हिनेगर. केस जरा नमले, पण संध्याकाळी नवरा दारातूनच म्हणाला, "लोणच्याची बरणी कुणी फोडली?" तिसऱ्या बुधवारी अंडं. माझ्या बोटांना पट्ट्या होत्या, पाणी किती गरम झालंय ते मला समजलंच नाही. अंडं त्यांच्या डोक्यावर शिजलं. खरंच शिजलं. दोन तास मी केसांतून पांढऱ्या गुठळ्या वेचत होते आणि मनात स्वतःला शिव्या देत होते. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "मीठ-मिरी आणतेस का गं?"

मग मला जे हसू फुटलं ते थांबेना, आणि त्याही हसायला लागल्या. हसता हसता त्यांची मान सैल पडली आणि डोकं माझ्या हातात आलं. किती जड होतं ते! मी उगीचच त्याच्याखाली हात धरून उभी राहिले.

त्यानंतर आमच्या बुधवारांना वेगळंच वळण लागलं. चौथ्या वेळी माती लावली, ती बेसिनमध्ये बसली आणि प्लंबरला बोलवावं लागलं. पाचव्या वेळी डाळीचं पीठ, ते चार दिवस कंगव्यातून पडत राहिलं. पण बेसिनपाशी बोलणं सुरू झालं होतं. डोळे मिटलेले, कुणाचं तोंड दिसत नाही, पाणी चाललंय, अशा वेळी माणसं बोलतात, हे मला गिऱ्हाइकांमुळे माहीत होतं. सासूबाईंनी सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी त्यांना केस कापून टाकायचे होते, वडिलांनी चार दिवस अबोला धरला म्हणून राहून गेलं. पोस्टात पत्ता नसलेली पत्रं यायची ती त्यांना घरी न्यावीशी वाटायची. एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मी तुझ्या कामाबद्दल बोलले होते. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "कानामागे जरा जोरात चोळ."

बारा वर्षं जपून ठेवलेला राग एवढ्यात कसा जातो? पण गेला. मी जोरात चोळलं.

सहाव्या वेळी नुसते रिठे. फेस छान, पण डोळ्यांत गेलं आणि त्यांनी मला पोस्टातल्या दोन-तीन शिव्या ऐकवल्या. सातव्या वेळी मी रिठ्यांचं पाणी उकळून गाळलं, त्यात जवसाचा चीक मिसळला आणि शेवटच्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकले. हातांना झोंबलं नाही. केस वाळले तेव्हा पंख्याच्या वाऱ्यावर एकेक सुटा उडत होता. मी त्यांना आरशापुढे फिरवलं. "हे जमलं, आई! हे जमलं बघा!" मी जवळजवळ ओरडले. त्या आरशात बघत राहिल्या, आणि "हो गं, छान झालेत," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

पुढच्या बुधवारी आल्या तेव्हा कपाळावरचे आणि कानांवरचे केस चिकट, मेणचट. एकमेकांना धरून बसलेले. वहीत नोंद झाली, नापास. मी रिठे वाढवले. पुढच्या बुधवारी आणखी चिकट. जवस कमी केलं, लिंबू वाढवलं, पाणी दोनदा बदललं. दर वेळी तेच. पुढचे केस तेलकटच असतात, कपाळाला घाम येतो, असे सिद्धांत मी मांडत बसले. आणि सासूबाई दर बुधवारी अर्धा तास आधीच पार्लरच्या पायरीवर येऊन थांबलेल्या, टॉवेल खांद्यावर, वही काखेत. "धीर धर," मला म्हणायच्या. "पी हळद नि हो गोरी असं कुठं असतं का?"

धीर कुठून आणणार? गिऱ्हाइकं मला सोडत होती. कोरड्या केसांना कात्री लावून घ्यायला माझ्याकडे कशाला कोण येईल? हेडबाई एक दिवस रस्त्याच्या पलीकडच्या नव्या पार्लरमधून बाहेर पडताना दिसल्या. मला पाहून त्यांनी छत्री उघडली, आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्या दिवशी मी शटर ओढून आत बसून रडले.

अकरावा बुधवारही नापास झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, खिडकीसाठी नाव दे. जुनं फर्निचर घेणाऱ्याला निरोप धाडला, पुढच्या बुधवारी चार वाजता ये. "आईला आत्ता काही सांगू नको," नवरा म्हणाला. "तिला वाटेल तिचंच डोकं नडलं." मलाही ते पटलं. त्या बिचाऱ्या इतक्या मनापासून बसत होत्या. पार्लर बंद व्हायला आलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या फक्त बुधवारी यायच्या आणि बुधवारी ते तसंही बंदच असायचं.

बाराव्या बुधवारी मी त्यांना दोन वाजताच बोलावलं. प्रयोग करायचा नव्हता. सातव्या वेळचंच पाणी उकळून ठेवलं होतं. म्हटलं, खुर्ची जाण्याआधी एकदा त्यांचं डोकं नुसतं आपलं म्हणून धुवावं. रविवारी माझ्या बोटांच्या शेवटच्या पट्ट्या निघाल्या होत्या. खाली नवी गुलाबी कातडी आली होती, लहान मुलाच्या बोटांसारखी. शॅम्पू सुटला आणि हात बरे झाले, पण काम गेलं, असा तो मामला होता.

त्या खुर्चीत आडव्या झाल्या, डोळे मिटले. मी पाणी सोडलं आणि उघडी बोटं कानाच्या वर घातली. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बोटांना केस लागले. पट्टीला नाही, बोटांना. आणि तिथे पाणी आत जातच नव्हतं. केसांवरून थेंब घरंगळत होते. मी दोन बोटांत एक बट धरून ओढली. अंगठा घसरला.

ही घामाची चिकटी नव्हती. ही मला माहीत होती. टाचांना लावायचं ते पारदर्शक मलम.

बोटं पुढे नेली. कपाळावर मलम. भांगात मलम. दुसऱ्या कानावर मलम. मग हात मानेखाली घातला आणि मागचे केस धरले. स्वच्छ. एकेक केस सुटा, हलका, बोटांतून सळसळत जाणारा. डावा हात जिथवर पोचत होता तिथवर मलम, आणि जिथे पोचत नव्हता तिथे माझं सातवं पाणी, जरा कमीजास्त करूनही, पाच आठवडे पासच होत होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. मी गाव पालथं घालत होते आणि उत्तर त्याच डोक्याच्या मागच्या बाजूला होतं.

मी नळ बंद केला. "आई, डोक्याला काय लावलंय?"

"मी कुठं काय लावते? तूच लावतेस ते."

"टाचांचं मलम लावलंय तुम्ही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण कान लाल झाले. माणूस तोंड सांभाळतो, कान कुणाला सांभाळता येत नाहीत.

"बोला ना!" माझा आवाज चढला. "पाच आठवडे मी वेड्यासारखी रिठे मोजतेय. केसानं गळा कापलात तुम्ही माझा!"

त्या उठून बसल्या. पाठीवरून पाणी ओघळत होतं. "अगं, एवढं काय झालं? एखाददुसरा बुधवार जास्त..."

"चार वाजता खुर्च्या न्यायला माणूस येतोय!"

"कुठल्या खुर्च्या?"

"या! ज्यात तुम्ही बसलाय ती! पार्लर बंद होतंय, आई. पुढच्या महिन्यापासून मी डेपोत तिकिटं फाडणार आहे. धुवायला काही सापडलं नाही म्हणून."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात आपोआप खुर्चीच्या हातांवर गेले. "मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता काय वाटतंय?"

मी टॉवेल उचलून दुसऱ्या खुर्चीवर आपटला. त्यांनी ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि खाली बघत बोलायला लागल्या.

"सातव्या वेळचं चांगलं होतं. तू आरशात दाखवलंस तेव्हाच मला कळलं, आता हिचं काम झालं. तीन बुधवार, मग ही मला कशाला बोलावेल? हे गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही गं. पोरगा गुणी आहे, पण दारातून विचारतो, आई, कशी आहेस? डॉक्टर नाडी बघतो. झालं. माणसानं माणसाला हात लावणं बंदच होतं एका वयानंतर. तू डोकं हातात घेतलंस तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, मी अजून आहे." त्यांनी कपाळावरची बट मागे सारली. "थोडंसंच लावायचं ठरवलं होतं. दर मंगळवारी. आता डबाच संपला."

"मला सांगायचं ना, डोकं धुऊन दे म्हणून!" मी म्हटलं. राग होताच अजून. "तोंड नव्हतं का?"

"तोंड होतं. पण तू गिऱ्हाइकांची डोकी धुतेस, मी काही गिऱ्हाईक नव्हे." मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "आणि दीड वर्षं माझा हात वर जात नव्हता. तुला दिसत होतं. तू तरी कुठं विचारलंस?"

मी खाली बसले. त्यांनी टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते, पण त्यांनी नुसतं विचारलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं परक्या बायकांची डोकी मी मांडीवरच्या बाळासारखी धरली आणि घरातली एक बाई डाव्या हातानं कपाळ ओलं करत होती.

"दिसत होतं," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं, आई."

दार वाजलं. फर्निचरवाला होता, चारच्या आधीच आलेला, सोबत दोरखंड, बाहेर टेम्पो. आत येऊन त्यानं दोन्ही खुर्च्यांना हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "ही बेसिनची आधी उचलू. जड आहे. आजी, जरा उठता का?"

सासूबाईंनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "दिसत नाही का? गिऱ्हाईक बसलंय."

"अहो, पण बाहेर बंदची पाटी आहे."

"पाटीला काय कळतंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले, त्यांच्या मानेमागचे ओले केस पुन्हा हातात घेतले. पाच आठवडे. तीनदा पास व्हायला हवं होतं, हे पाचदा झालं होतं, तेही माझ्या बाईंच्या नियमानं, एकाच डोक्यावर. मी म्हटलं, "परत जा, दादा. खुर्च्या विकायच्या नाहीत."

"बाई, टेम्पो घेऊन आलोय मी!"

"तुमच्या बायकोला पाठवा सोमवारी," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "हिच्यासारखं डोकं कुणी धुवत नाही."

तो पुटपुटत गेला. मी डेपोत फोन लावून नवऱ्याला सांगितलं, खिडकीतून माझं नाव काढ. "का? काय झालं?" तो विचारत होता. "तुझ्या आईलाच विचार, आणि दारातून नको," मी म्हटलं आणि ठेवला.

मग मी बाह्या सारल्या. केसांत मक्याचं पीठ चोळलं, मलम शोषायला, आणि पाणी सोडलं. बोटांना सगळं कळत होतं. कवटीचा उंचवटा, कानामागची मऊ जागा, शीर उडते ती जागा. सासूबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बेसिनचं उडालं असेल असं मला म्हणता आलं असतं, पण मी कडेनं अंगठ्यानं ते पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं.

"निघेल का गं हे मलम?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"चिवट आहे."

"किती धुणी लागतील?"

तीन. फार तर चार. बावीस वर्षांत असली डोकी मी कितीतरी सोडवली आहेत.

"काही सांगता येत नाही," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षं तरी जातील."

मग उजवा हात, जितका जात होता तितका, वर आणून त्यांनी माझं मनगट धरलं.

"घाई नको करूस," त्या म्हणाल्या.